हज्जाच्या खोलीतली शेगडी

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अजीजचं वर्कशॉप होतं. एसी, फ्रिज, कॅफेटेरियातली ज्यूसची मशिनं असलं सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. घर गरम करायची वस्तू बिघडलीय असा फोन मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आला. अजीज जेवता जेवता हसत सुटला.

"हाफिजा, ऐकलंस? अख्ख्या मुलुखाला थंड करून करून आपण म्हातारे झालो, आणि हा माणूस म्हणतो आमच्याकडे ऊब येत नाही."

फोन सुहैल साहेबांचा होता, म्हणून हसणं लवकर आवरलं. जबल अलीला सुहैल साहेबांची मोठमोठी गोदामं होती, आणि त्या गोदामांचं एसीचं वार्षिक काम मिळावं म्हणून अजीज दोन वर्षं त्यांच्या ऑफिसात खेटे घालत होता. सुहैल अमेरिकेत शिकलेले. परत येताना तिथल्या घराचं सामान त्यांनी कंटेनरमध्ये भरून आणलं होतं, त्यातच ही लोखंडी शेगडी होती. रस अल खैमाच्या डोंगरात त्यांच्या आईचं माहेरचं घर होतं. हजला जाऊन आलेली म्हातारी, तिला सगळे हज्जाच म्हणायचे. हिवाळ्यात तिला मुलाचा बंगला नको व्हायचा. डोंगरातल्या त्या घरी जाऊन राहायचा तिचा हट्ट. आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री अंगावर दोन रजया घेतल्या तरी दात वाजायचे. शेगडी होती म्हणून तिचे गुडघे चालत होते. यंदा शेगडी पेटायची आणि विझायची.

"तहसीनला पाठवतो," अजीज म्हणाला. "असल्या किचकट कामांत त्याचं डोकं चालतं."

तहसीन हाफिजाचा धाकटा भाऊ. हर्णैच्या घरात ही दोनच भावंडं, ती मोठी, तो बराच लहान. वडील लवकर गेले, अम्मी मासळी सुकवायच्या कामावर जायची, म्हणून तहसीनला कडेवर घेऊन फिरली ती हाफिजाच. तो रत्नागिरीला आयटीआय करून घरी बसला होता, तेव्हा अजीजने आपणहून व्हिसा पाठवला. तेव्हापासून तो इथेच. झोपायला वर्कशॉपच्या पोरांच्या खोलीवर आणि जेवायला आपाकडे. येत्या मे महिन्यात गावच्या जुलेखाशी त्याचं लग्न ठरलं होतं.

पहिल्या दिवशी डोंगरावरून आला तो खिसाभर भुसा घेऊन. वर्तमानपत्रावर त्याने तो ओतला.

"हे बघ, आपा. ह्या आधी गोळ्या होत्या."

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्या गोळ्या, खडूच्या तुकड्यांएवढ्या. शेगडीच्या डोक्यावरच्या टाकीत त्या ओतायच्या. खाली एक स्क्रू फिरतो, तो थोड्या थोड्या गोळ्या पुढे ढकलतो, त्या छोट्या लोखंडी वाटीत पडून जळतात, पंखा धूर पाइपातून बाहेर ओढतो आणि दुसरा पंखा गरम हवा खोलीत सोडतो. तहसीनने हे सगळं हातवारे करून सांगितलं. गोळ्यांची पोती उन्हाळाभर जबल अलीच्या गोदामात पडून होती. ऑगस्टच्या दमट हवेने त्या फुगल्या, फुटल्या, आणि स्क्रूमध्ये लगदा होऊन बसल्या.

"म्हणजे झालं काम?" अजीजने विचारलं.

"स्क्रू मोकळा केला. वाटीला राखेचा दगड झाला होता, तो फोडून काढला. कोरडं पोतं होतं त्यातल्या गोळ्या घातल्या. मस्त पेटली. दहा मिनिटं चालली आणि पुन्हा बंद."

"मग पार्ट गेला असेल एखादा."

"तेच शोधतोय."

बुधवारी तो पुन्हा गेला. शेगडीच्या दाराभोवतीची, फटी बुजवणारी दोरी सैल झालीय का ते त्याने कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघितलं. पट्टी घट्ट बसत होती. पेटवणारी कांडी लाल होत होती. पंखे फिरत होते. मागच्या बाजूला रबरी नळी लावलेला एक छोटा स्विच होता. पाइपातून धूर ओढला जातोय की नाही हे ओळखायचं त्याचं काम. धूर जात नसेल तर तो गोळ्या थांबवतो आणि आग मरते. तहसीनला वाटलं, स्विचच बिघडला असणार. त्याने नळी तोंडात धरून हवा ओढली, तर स्विच टिक करून वाजला. मग तो छतावर चढला, आणि तिथे खरं दुखणं सापडलं.

"मागच्या वर्षी त्यांनी शेजारी नवीन खोली बांधली ना," त्या दुपारी जेवताना तो सांगत होता, "गवंड्याने पाइप दोनदा वळवून दोन भिंतींच्या बेचक्यात सोडलाय. तोंडाशी पक्ष्याने घरटं केलंय ते वेगळं. घरटं काढलं तरी धूर निघणार नाही, वळणंच तशी आहेत. स्विच खरं बोलतोय, दुल्हाभाई. भिंत फोडून पाइप सरळ वर न्यायला लागेल."

"किती दिवस?"

"गवंडी मिळाला तर आठवड्यात. तोवर लावायची नाही. मी प्लग काढून ठेवलाय. तिथला चौकीदार बकऱ्या घेऊन गेला होता, भेटला नाही. तुम्हीच सुहैल साहेबांना सांगा."

अजीजने भाताचा घास तसाच हातात धरला. "हज्जा शनिवारी वर चाललीय. मी काल फोनवर सांगून बसलोय, खलास, झालं म्हणून."

"मग आता सांगा, नाही झालं. आठवडाभर थांबा म्हणावं."

"सोपं आहे तुला," अजीज म्हणाला. "त्या माणसाला 'थांबा' म्हणणारे शारजात पन्नास बसलेत. मला त्यांच्यातला एकावन्नावा व्हायचं नाही."

तहसीनने ताट पुढे केलं. हाफिजाने त्याला आणखी रस्सा वाढला.

शुक्रवारी अजीज सकाळीच म्हणाला, चला, डोंगरात पिकनिकला जाऊ, मुलांना बकऱ्या दाखवू. तहसीनला त्याने अजमानच्या एका कोल्ड स्टोअरेजच्या कामावर पाठवलं होतं. हाफिजाने बिर्याणी करून डबा भरला. अजरा अकरा वर्षांची, अर्श सात वर्षांचा, दोघं मागच्या सीटवर भांडत होती. मसाफीच्या पुढे हवा गार लागायला लागली, तशी हाफिजाने खिडकी उघडली. खूप दिवसांनी तिला बरं वाटलं होतं.

घरी पोचले तेव्हा चौकीदार खालच्या मशिदीत जुम्म्याला गेला होता. अजीजकडे किल्ली होती. मुलं अंगणात बकऱ्यांमागे धावायला लागली. थोड्या वेळाने आतून अजीजने हाक मारली, "हाफिजा, टॉर्च घेऊन ये जरा."

हज्जाची खोली लहान होती. एका खिडकीशी तिचा पलंग, समोर कोपऱ्यात ती काळी शेगडी. अजीजने तिचं मागचं पत्र्याचं झाकण काढलं होतं आणि तो जमिनीवर कुशीवर पडून आत हात घालत होता. तिथे अंधार होता. हाफिजा वाकून उजेड दाखवत उभी राहिली. त्याने त्या छोट्या स्विचच्या दोन वायरी उपटल्या, सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. स्विच तिथेच राहिला, नुसता लटकत.

"तहसीन तर म्हणत होता..." हाफिजा म्हणाली.

"तहसीनला पुस्तकातलं बोलायची सवय आहे. आठवडाभराचा प्रश्न. पुढच्या शुक्रवारी गवंडी आणतो, इन्शाल्ला, आणि वायर जशीच्या तशी."

त्याने प्लग लावला, बटण दाबलं. थोड्या वेळाने काचेच्या आड पिवळी ज्योत उभी राहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, ज्योत चालूच. अजीजने दोन्ही हात पुढे करून तळवे शेकले, लहान मुलासारखे. अजरा पाणी मागायला दारात आली.

"मम्मी, इट स्मेल्स इन हिअर."

"नवीन पेटलीय म्हणून," हाफिजा म्हणाली. "जा, बाटली गाडीत आहे."

चौकीदार परत आला तेव्हा ते अंगणात सतरंजी टाकून जेवत होते. आत आग बघून तो खूश झाला आणि 'शाबास' म्हणाला.

"मी काही नाही केलं," अजीज त्याला हिंदीत म्हणाला. "काम बुधवारीच आमच्या तहसीनने केलं. मी नुसती पेटवून बघितली."

हाफिजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण हात घातला हे कशाला सांगायचं, एवढाच त्याचा विचार असेल असं तिला वाटलं, आणि खरं तर त्या वेळी तेवढाच होता. चौकीदारालाही तिने एक ताट भरून दिलं.

हज्जा शनिवारी वर गेली. मंगळवारी सकाळी चौकीदाराने दार वाजवून वाजवून शेवटी फोडलं. हज्जा पलंगावर, आणि तिची श्रीलंकेची मोलकरीण खाली गादीवर, दोघी बेशुद्ध. आदल्या रात्री कडाका वाढला म्हणून खिडक्या गच्च बंद. शेगडी शांतपणे जळत होती. बाहेर न गेलेल्या धुरातल्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. मोलकरीण दोन दिवसांत उठून बसली. हज्जाला शुद्ध आली, पण जीभ जड झाली होती आणि उजवा हात थरथरायला लागला होता.

त्याच मंगळवारी दुपारी सुहैल साहेब पोलिसांना घेऊन वर्कशॉपमध्ये आले. तहसीन तेव्हा एका फ्रिजच्या मागे बसून गॅस भरत होता. अधिकाऱ्याने टेप गुंडाळलेल्या त्या वायरींचा तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे काम कोणाचं?"

अजीज म्हणाला, "स्टोव्हचं काम तहसीन बघत होता."

तहसीनने वायरीकडे पाहिलं आणि मग अजीजकडे. "दुल्हाभाई, मी तर प्लग काढून आलो होतो."

"तू मला म्हणालास झालं म्हणून," अजीज म्हणाला. तो अरबीत म्हणाला, म्हणजे अधिकाऱ्यालाही कळावं. "मी शुक्रवारी फक्त बटण दाबलं. चौकीदाराला विचारा."

चौकीदाराला विचारलंच होतं. त्यानेही हेच सांगितलं होतं.

ही हकिकत अजीजने घरी येऊन हाफिजाला सांगितली, अगदी शब्दन् शब्द, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. ती मासे साफ करत होती. हात तसेच ठेवून ती ऐकत राहिली.

"त्याला घेऊन गेले?"

"हो."

"आणि तुम्ही नेऊ दिलंत?"

"मी आत गेलो असतो तर काय झालं असतं, सांग ना. लायसन माझ्या नावावर. वर्कशॉपला टाळं, सहा पोरं रस्त्यावर, तुझा व्हिसा माझ्यावर, मुलांचा माझ्यावर. महिन्याभरात अख्खं घर हर्णैला. तो एकटा आहे, हाफिजा. ना बायको ना पोर. दोन आठवड्यांत मी त्याला बाहेर काढतो. तो मला परका आहे का?"

"मग त्याला विचारायचं होतंत आधी."

"पोलीस समोर उभे असताना?" अजीजचा आवाज चढला आणि लगेच उतरला. तो खाली स्टुलावर बसला. "मला तसं बोलायचं नव्हतं. पहिलं वाक्य तोंडातून गेलं, मग दुसरं त्याच्या मागे गेलं."

तो रडत होता. हाफिजाने नवऱ्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचा पुढे आयुष्यभर तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. पोलीस स्टेशनातून तहसीन होता.

"आपा, माझ्याकडे थोडाच वेळ आहे. शुक्रवारी तू होतीस ना तिकडे? बिर्याणीचा डबा घेऊन गेलात, अजरा-अर्श सांगत होते."

"हो."

"शेगडी दुल्हाभाईंनी उघडली होती का? तू बघितलंस का? तू फक्त एवढं सांग त्यांना. मी माझ्या तोंडाने सांगतोय तर कोणी ऐकत नाही."

हाफिजाने फोनची वायर बोटाला गुंडाळली. बाहेर शारजाच्या रोला भागातल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. तिला बोलायचं होतं. तिच्या तोंडातून आलं ते वेगळंच.

"जेवलास का तू?"

मग तहसीन म्हणाला, "हो, आपा. जेवलो." आणि फोन ठेवला.

त्याने तिचं नाव सांगितलंच होतं, म्हणून संध्याकाळी एक अधिकारी आणि हिंदी बोलणारा एक शिपाई घरी आले. दोघंही अदबीने दाराबाहेर उभे राहिले, तिने बसा म्हटल्यावरच आत आले. अजीज घरी नव्हता. तो मुद्दामच नव्हता, हे तिला माहीत होतं.

"बहेनजी," शिपाई म्हणाला, "आपका भाई कहता है, शुक्रवार को आपके शोहर ने स्टोव्ह खोला. आपने देखा?"

हाफिजाने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. अम्मीचा चेहरा तिला आठवला, तहसीनचा आठवला, कडेवरचा, नाक वाहणारा. मग अर्शची शाळेची फी, अजराचे दात सरळ करायची तार, हे घर, हा सोफा. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्या गर्दीत तहसीन मागे पडला.

"मैं बाहर थी," ती म्हणाली. "बच्चों के पास."

शिपायाने ते अरबीत सांगितलं. अधिकारी मान हलवून उठला. ते गेले, लिफ्टचा आवाज झाला, तेव्हा तिला दिसलं की आतल्या खोलीच्या दारात अजरा उभी आहे, हातात पट्टी आणि पेन्सिल.

"बट यू वेअर इनसाइड, मम्मी. आय सॉ यू."

"तुला नीट आठवत नाहीये."

"यू वेअर होल्डिंग द टॉर्च."

"अजरा," हाफिजा म्हणाली, "हे पुन्हा बोलायचं नाही. शाळेत नाही, कोणापाशी नाही. नाहीतर डॅडींना घेऊन जातील. कळलं?"

अजराने आईकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. "ओके," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती आईबापांशी लागेल तेवढंच बोलायला लागली. शुक्रवारी कुठे जायचं म्हटलं की तिचा होमवर्क असायचा.

दोन आठवडे झाले, महिना झाला. अजीज खरंच धावपळ करत होता, हे नाकारता येणार नाही. वकिलाकडे जायचा, ओळखीच्या लोकांना भेटायचा, तहसीनला कपडे आणि फळं पोचवायचा. तहसीन कपडे घ्यायचा, फळं परत पाठवायचा. शेवटी उपाय निघाला तो दुसरीकडूनच. हज्जाला हॉस्पिटलमध्ये बघायला अजीज आणि हाफिजा गेले होते. म्हातारी उशांना टेकून बसली होती. तिने थरथरता हात हाफिजाच्या हातावर ठेवला आणि अडखळत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" हाफिजाने विचारलं.

अजीजने खाली बघत सांगितलं, "त्या पोराला आई आहे का, विचारतात."

"आहे म्हणावं."

हज्जा पुन्हा बोलली. ह्या वेळी अजीजने ते सांगितलं नाही. सुहैल साहेब शेजारी उभे होते, त्यांनीच हिंदीत सांगितलं, "मेरी माँ बोलती है, उसने माफ किया. लड़के को उसकी माँ के पास भेज दो."

हाफिजा उठून बाहेर आली आणि जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली. माफी कोणाला मिळाली होती आणि कोण ती घेऊन घरी चाललं होतं! तिला वाटलं, परत आत जावं, म्हातारीचे पाय धरावेत आणि सगळं सांगून मोकळं व्हावं. अजीज मागोमाग आला. "यल्ला, चल," म्हणाला, "पार्किंगचे पैसे चढतायत." ती त्याच्या मागून चालू लागली.

सुहैल साहेबांनी तक्रार सौम्य केली. तहसीनला तुरुंगातून थेट विमानतळावर नेऊन देशाबाहेर पाठवलं, परत यायची बंदी घालून. त्याची बॅग हाफिजाने भरली. जुलेखासाठी त्याने जमवलेल्या वस्तू होत्या, सेंटच्या बाटल्या, दोन ड्रेसचं कापड, एक घड्याळ. ते सगळं तिने घड्या घालून ठेवलं. विमानतळावर तिला भेटू दिलं नाही. ती काचेच्या अलीकडे उभी होती. तो दोन शिपायांमधून गेला. त्याने वळून पाहिलं असतं तर ती दिसली असती.

त्या उन्हाळ्यात जबल अलीच्या गोदामांचं काम अजीजला मिळालं. सुहैल साहेब म्हणाले, स्वतःच्या मेहुण्यालाही ह्या माणसाने पाठीशी घातलं नाही, असा माणूस भरवशाचा. अजीजने ही गोष्ट घरी सांगितली नाही. हाफिजाला ती दुसऱ्याच कोणाच्या तरी बायकोकडून एका दावतीत कळली. तिथे तिने सगळ्यांबरोबर शीरखुर्मा खाल्ला आणि घरी येऊन ओकून काढला.

जुलेखाच्या बापाने लग्न मोडलं. त्याला गल्फमधला जावई हवा होता, गल्फमधून हाकललेला नव्हे. तिचं लग्न कुवेतच्या एका मुलाशी झालं.

वर्षं गेली. अजीजच्या गाड्या दोनाच्या पाच झाल्या, दुबईत मरीनाकडे उभ्या राहणाऱ्या एका टॉवरचं काम आलं. दर ईदला हाफिजा हर्णैला फोन करायची. अम्मी बोलायची, तहसीन बाहेर गेलेला असायचा. प्रत्येक ईदला तो बाहेर गेलेला असायचा.

अम्मीला दम्याने धरलं तेव्हा हाफिजा एकटीच गावी गेली. अजराने येणार नाही म्हणून सांगितलं, अर्शची परीक्षा होती. घराच्या दारात तहसीनच उभा होता. केस कपाळावरून मागे गेले होते. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो मशिनं बघायचा, हातांना अमोनियाचा वास होता.

"या," तो म्हणाला. "प्रवास ठीक झाला ना तुमचा?"

'तुमचा' हा शब्द हाफिजाला दारातच लागला. तिने ज्याला चालायला शिकवलं त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

अम्मी खाटेवर बसली होती. लेकीला बघून ती रडली, मग खुशाली विचारली, आणि मग सवयीने तिची गाडी तहसीनवर गेली. "ह्याला बघ. दामादाने पोटच्या पोरासारखा नेला, शिकवला, आणि ह्याने कामात ढिलाई करून त्यांचं नाक कापलं. म्हातारी मरता मरता वाचली म्हणे. मी रोज दुवा करते त्या बाईसाठी. अजीज मियाँ म्हणून टिकले, दुसरा असता तर तुलाही घराबाहेर काढलं असतं ह्याच्यापायी."

तहसीन कपात चहा ओतत होता. "अम्मी, साखर एक की दोन?" त्याने विचारलं.

दुपारी अम्मी झोपली तेव्हा हाफिजा मागच्या पडवीत गेली. तहसीन सोडे पाखडत होता, वाळवलेल्या कोळंबीचे. ती पायरीवर बसली.

"तहसीन, पोलीस घरी आले होते तेव्हा..."

"माहीत आहे."

"मी म्हटलं, मी बाहेर होते."

"माहीत आहे मला. त्यांनी मला वाचून दाखवलं होतं." तो सोड्यांतला कचरा बोटांनी वेचत राहिला. "दुल्हाभाईंचा राग येऊन गेला. घाबरला होता माणूस. घाबरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो. मी त्यांची वाट बघत नव्हतोच."

हाफिजाला रडू फुटलं. "मी आज सांगते अम्मीला. उठली की सांगते. तुझ्यावरचा डाग तरी जाईल."

"नाही सांगायचं." त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "तिने मला माफ केलंय. कसं केलंय, मी बघितलंय. दोन वर्षं लागली तिला. दिवसभर बोलते, पण रात्री माझ्या ताटात मोठा तुकडा तीच टाकते. आता तुम्ही सांगणार, म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लागेल, ह्या वेळी तुमच्यापासून. तेवढा दम उरला नाहीये तिच्यात. तुम्हाला हलकं वाटायचं असेल तर दुसरीकडे कुठे सांगा."

"मग मी काय करू?"

"चार दिवस आला आहात, तिच्याजवळ बसा. पाय चेपा."

ती चार दिवस पाय चेपत बसली. अम्मी रोज अजीजचं कौतुक करायची आणि हाफिजा रोज 'हो अम्मी' म्हणायची. तिला कळून चुकलं की हे आता अम्मी असेपर्यंत चालणार, आणि नंतर ह्यातलं काहीच कोणाला सांगण्यात अर्थ उरणार नाही.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी राहिली. अम्मीने आतून हाक मारली, "तहसीन, दामादासाठी सोडे बांधलेस का? चांगले निवडून दे हो. त्यांना आवडतात."

"बांधले, अम्मी," तहसीन म्हणाला. त्याने पिशवीवर पिशवी घालून, वास बाहेर येऊ नये म्हणून दोऱ्याने तोंड घट्ट आवळलं, आणि ते पुडकं बहिणीच्या हातात दिलं. "विमानात वर ठेवू नका, पायाशी ठेवा. लोक ओरडतात." मग तो रिक्षावाल्याला रस्ता सांगायला पुढे गेला.